वाचकांचे प्रश्न: डाय, किडनी आणि तपासणीआधीचं पाणी

मुतखड्यावरच्या मागच्या लेखानंतर इंदूरहून जी पत्रं आली, त्यांत खड्यापेक्षा तपासणीचीच धास्ती जास्त दिसली. ‘शिरेतून डाय दिला की किडनी जाते’ हे वाक्य या ना त्या शब्दांत बहुतेक पत्रांत आहे. डाय म्हणजे सीटी, एक्स-रेसारख्या तपासणीत आतले अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते द्रव्य. भीती अगदीच निराधार नाही, पण ती बरेचदा चुकीच्या जागी असते. म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. उत्तरं मूत्रपिंडविकार आणि रेडिओलॉजी या दोन्ही शाखांच्या डॉक्टरांनी मिळून लिहिली आहेत.

सासूबाई ७० वर्षांच्या आहेत. दोनदा लघवीतून रक्त गेलं, दुखलं मात्र काहीच नाही. सोनोग्राफीत काही दिसलं नाही, म्हणून सीटी यूरोग्राफी (डाय देऊन लघवीच्या मार्गाची सीटी) सांगितली आहे. क्रिएटिनिन १.४ आहे. सेंटरवर म्हणाले, ‘थोड़ा बढ़ा हुआ है, चलता है.’ दीर म्हणतात, डाय अजिबात नको. कोणाचं ऐकावं?
— एक सून, सुदामा नगर

दोघांचंही पूर्ण ऐकू नका. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. त्याचा आकडा वय आणि अंगकाठी बाजूला ठेवून वाचता येत नाही. पंचविशीतल्या तरुणाचं क्रिएटिनिन १.४ असेल, तर त्याच्या किडनीचा गाळण्याचा वेग, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, साधारण ७१ येतो. सासूबाईंचं वय आणि बाईचं शरीर धरून त्याच १.४ चा हिशेब केला तर तो ४० च्या आसपास येतो. म्हणजे ‘चलता है’ म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. सेंटरने ईजीएफआर छापला नसेल तर मागून घ्या. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढ्यावर तो मिनिटभरात निघतो.

आता दिरांच्या भीतीकडे वळू. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी २०२० साली एकत्र निवेदन काढलं. शिरेतून दिलेल्या डायमुळे किडनीला इजा होण्याचा धोका ईजीएफआर ४५ च्या वर जवळजवळ शून्य, ३० ते ४४ मध्ये शंभरात फार तर दोघांना आणि ३० च्या खाली शंभरात सतरापर्यंत, असा त्यांचा अंदाज आहे. सासूबाई मधल्या गटात येतात. या वयात न दुखता रक्त जाणं हे मूत्राशय, मूत्रनलिका किंवा किडनीतल्या गाठीचं पहिलं लक्षण असू शकतं आणि नलिकेतली छोटी गाठ सोनोग्राफीतून सहज निसटते. एका पारड्यात ही शक्यता आणि दुसऱ्यात शंभरात दोन एवढा धोका ठेवला, तर आमचं मत स्पष्ट आहे: तपासणी करावी, पण तयारीने. सीटी स्वच्छ आली तरी दुर्बिणीतून मूत्राशय आतून पाहणं टाळू नका, कारण मूत्राशयातली चपटी गाठ सीटीलाही चकवते.

तयारी अशी. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी रोजच्यापेक्षा थोडं जास्त पाणी द्या. त्यांना हार्टफेल्युअर असेल किंवा पायांवर सूज असेल, तर मात्र किती पाणी चालेल ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू असेल तर दोन दिवस आधी थांबवा आणि तपासणीनंतरही दोन दिवस देऊ नका. तोवर पॅरासिटॅमॉलवर भागवा. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे का, ते पाकिटावर पाहा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं नाव त्यावर असतं. त्या सकाळी ती गोळी द्यायची की नाही हे गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारा, घरच्या घरी बंद करू नका. डाय ‘लो-ऑस्मोलर’, म्हणजे कमी तीव्रतेचा, आहे ना, एवढं सेंटरवर विचारून घ्या. आता बहुतेक ठिकाणी तोच असतो. तपासणीला साधारण १०० मिली लागतो. क्रिएटिनिन पुन्हा ४८ ते ७२ तासांनी तपासा. दुसऱ्याच दिवशी घाईने करून ‘वाढलं नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण वाढायचं असेल तर ते दिसायला दीड-दोन दिवस लागतात.

या गटातल्या सगळ्यांना सलाइन लावायलाच हवं का, हाही प्रश्न पत्रांत आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे हे तपासून पाहिलं आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ईजीएफआर ३० ते ५९ असलेले ६६० रुग्ण होते. सलाइन दिलेल्यांत २.७ टक्के आणि न दिलेल्यांत २.६ टक्के लोकांचं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे फरक पडला नाही. उलट सलाइनमुळे काहींना दम लागण्यासारखे त्रास झाले. सासूबाई नीट पाणी पीत असतील तर तोंडाने घेतलेलं पाणी पुरेसं आहे.

माझ्या भावाला (वय ३२) पथरीचा जबरदस्त दुखावा होता. तीन दिवस उलट्या, अन्नपाणी काही नाही. दुखणं थांबवायला रोज दोन-तीन इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी आयव्हीपी (शिरेतून डाय देऊन लघवीच्या मार्गाचे एक्स-रे) केली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन २.८ आलं. आधी ते कधी तपासलंच नव्हतं. डायने किडनी खराब केली, असंच ना?
— एक वाचक, राजेंद्र नगर

डाय इथे शेवटी आला, आणि आला तेव्हा किडनी आधीच अडचणीत होती. तीन दिवस उलट्या म्हणजे शरीर कोरडं आणि किडनीकडे जाणारं रक्त कमी. अशा वेळी किडनी प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या द्रव्याने आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. अशा दुखाव्यावर सहसा देतात ते डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नेमकं तेच द्रव्य बंद करतं. पाणी पोटात असलेल्या धडधाकट तरुणाला ७५ मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन दुखाव्यावर उत्तम काम करतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसाची मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे. कोरड्या अंगावर ती ओलांडून तीन दिवस मारा चालला, की रक्तपुरवठ्याचा शेवटचा आधारही जातो. मग डाय येतो. तो किडनीच्या आतल्या थरातल्या रक्तवाहिन्या आवळतो आणि नलिकांच्या पेशींना थेटही दुखावतो. किडनीच्या या आतल्या थराला मुळातच प्राणवायू बेताचा मिळतो. ईजीएफआर चांगला असलेल्या माणसाला एकट्या डायने एवढं क्रिएटिनिन क्वचितच चढतं.

म्हणून कारण डायवर टाकण्याआधी सोनोग्राफी पुन्हा करायला हवी. एका बाजूला खडा अडकला आणि दुसरी किडनी चांगली असली, तर क्रिएटिनिन फारसं हलत नाही. ते २.८ झालं म्हणजे दुसऱ्या किडनीलाही काही झालं आहे का, तिथेही खडा आहे का, किंवा ती जन्मतःच लहान आहे का, हे पाहावंच लागतं. अडथळा सापडला तर उपाय डीजे स्टेंटचा, म्हणजे मूत्रनलिकेत ठेवायच्या बारीक नळीचा, पाण्याचा नाही. लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणीही करा. नलिकांना इजा झाली असेल तर तपकिरी, मातकट साचे दिसतात. अजून एक खूण फिल्मवर मिळते: डाय दिल्याच्या दुसऱ्या दिवशीही किडन्या पांढऱ्या भरलेल्या दिसल्या, तर डाय बाहेर पडलेला नाही हे समजावं.

अडथळा नसेल तर चित्र सहसा आशादायक असतं. डायने झालेल्या इजेत क्रिएटिनिन एक-दोन दिवसांत चढू लागतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखर गाठतं आणि सात ते दहा दिवसांत बहुतेकांचं मूळ पातळीवर येतं. बऱ्याच जणांना या काळात लघवी नीट होत असते, म्हणून ‘लघवी होते आहे, म्हणजे किडनी ठीक आहे’ हा समज सोडा. भावाची लघवी मापाच्या बाटलीत मोजा. तासाला, वजनाच्या दर किलोमागे, अर्धा मिलीपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, तर ती धोक्याची खूण आहे. ६० किलोच्या माणसात याचा अर्थ सहा तासांत १८० मिलीपेक्षा कमी. वेदनाशामक इंजेक्शन पूर्ण बंद. जेन्टामायसिन किंवा अमिकासिन ही अँटिबायोटिक्स कोणी देऊ पाहत असेल, तर आधी क्रिएटिनिनचा कागद दाखवा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम रोज बघायला हवं. पोटॅशियम साडेसहाच्या वर, दम लागणं, लघवी जवळजवळ बंद, असं काही झालं तरच डायलिसिसचा विचार होतो, आणि तोही बहुधा तात्पुरता.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण माया करण्याच्या भरात ती चुकते. क्रिएटिनिन वाढलेलं असताना शहाळ्याचं पाणी देऊ नका. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर त्याचा ताण हृदयावर येतो. साधं पाणी द्यावं, किती ते डॉक्टर रोजच्या लघवीच्या मापावरून सांगतील.

आणि मुळात खडा शोधायला डायची गरजच नव्हती. डायशिवायची साधी सीटी, जिला एनसीसीटी केयूबी म्हणतात, खडा, त्याचं माप आणि जागा काही मिनिटांत दाखवते. दुखाव्याच्या घाईत कोणी आयव्हीपी लिहून दिली, तर ‘एनसीसीटीवर भागेल का?’ हा प्रश्न संकोच न करता विचारा.

सेंटरने ‘खाली पेट आना’ सांगितलं. त्याच दिवशी निर्जळी एकादशी आहे. दोन्ही एकदम साधेल का?
— एक वाचक, रामबाग

साधू नका. ‘रिकाम्या पोटी’ म्हणजे फक्त घट्ट अन्न नको; पाणीही नको, असा त्याचा अर्थ नाही. सेंटरने वेगळं काही सांगितलं नसेल तर साधं पाणी तपासणीच्या दोन तास आधीपर्यंत प्यायला हरकत नाही. निर्जळी एकादशी ज्येष्ठात येते, आणि पाऊस लांबला तर इंदूरला तेव्हाही कडक ऊन असतं. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही आणि वर डाय, हे किडनीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जुळणं आहे. तपासणी दोन दिवस पुढे ढकला.

पाणी बंद करण्याची सवय उगाच पडलेली नाही. १९२९ मध्ये बर्लिनला मोझेस स्विक यांनी यूरोसिलेक्टन हा शिरेतून द्यायचा डाय पुढे आणला. पुढे आयव्हीपीची चित्रं गडद यावीत म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद आणि वर जुलाबाचं औषध, असा शिरस्ताच पडला. डाय दाट व्हावा हा हेतू, पण त्याबरोबर माणूसही कोरडा व्हायचा. आयव्हीपीनंतर लघवी पूर्ण बंद पडल्याची नोंद डेन्मार्कच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये केली. त्या रुग्णाला मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग होता, आणि कोरडेपणा अशा किडनीला मुळीच सोसत नाही. त्या काळचे डाय रक्ताच्या पाच ते सात पट तीव्र असायचे, आजचे लो-ऑस्मोलर दोन-तीन पट. डाय बदलला, पण ‘पाणी पिऊ नका’ ही सूचना मात्र काही छापील कागदांवर तशीच राहिली आहे.

वडिलांचं क्रिएटिनिन ३ आहे आणि दोन्ही किडन्या सुजलेल्या आहेत. शिरेतून डाय देता येणार नाही, म्हणून खालून नळी घालून आरजीपी करू म्हणतात. ती तरी सुरक्षित आहे का? एकाची लघवी त्यानंतर बंद पडल्याचं ऐकलं.
— एक वाचक, लोकमान्य नगर

पर्याय योग्य आहे. आरजीपीमध्ये दुर्बिणीतून मूत्रनलिकेच्या तोंडाशी बारीक कॅथेटर नेऊन डाय उलट दिशेने वर सोडतात. तो रक्तात फारच थोडा जातो, त्यामुळे डायची विषबाधा हा इथला मुख्य धोका नाही. इथले धोके निराळे आहेत. ते आधी माहीत असले तर टाळता येतात.

पहिला धोका दाबाचा आणि जंतूंचा. किडनीच्या आतल्या पोकळीत साध्या माणसात जेमतेम पाच ते सात मिली मावतं. डाय पाणी घालून अर्धा केलेला, एकेक-दोन मिली करत, पडद्यावर पाहत सोडायचा असतो. सिरिंज जोरात दाबली तर डाय पोकळीची भिंत ओलांडून शिरांत घुसतो, आणि लघवीत जंतू असतील तर तेही रक्तात जातात. काही तासांत थंडी, ताप, बीपी घसरणं आणि त्यापाठोपाठ किडनीचं काम थंडावणं, हा त्याचा क्रम. म्हणून आरजीपीच्या आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, स्वच्छ हवं, नाहीतर त्या जंतूवरचं अँटिबायोटिक आधीच चालू हवं. सिरिंजमधले हवेचे बुडबुडे आधी काढायचे असतात. ते राहिले तर पडद्यावर खड्यासारखे दिसतात आणि मग पुन्हा डाय सोडावा लागतो.

दुसरा धोका तुम्ही ऐकलेला. नळीच्या घासण्याने मूत्रनलिकेचं तोंड सुजतं. एका बाजूला असं झालं तर दुसरी किडनी वेळ निभावते. दोन्ही बाजू एकाच बैठकीत केल्या, किंवा माणसाला एकच किडनी असली, तर लघवीचा मार्ग दोन्हीकडून बंद होतो. लघवी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एकदम थांबते, कंबर दोन्हीकडून भरून येते. फोली कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातली लघवीची नळी, घातला तरी पिशवी रिकामी, कारण अडथळा मूत्राशयाच्या वर असतो. इथे सलाइनवर सलाइन चढवत बसणं ही नेहमीची चूक. पाणी साठतं आणि दम लागतो. उपाय म्हणजे वाट मोकळी करणं: डीजे स्टेंट, आणि तो चढत नसेल तर पाठीतून नळी, म्हणजे पीसीएन. सोनोग्राफी लगेच केली तर सूज दिसेलच असं नाही, आणि तुमच्या वडिलांच्या किडन्या तर आधीपासून फुगलेल्या आहेत. त्यामुळे आधीच्या सोनोग्राफीतलं माप जवळ ठेवा, तुलनेला लागेल.

वडिलांसाठी सर्जनला तीन गोष्टी आधी विचाराव्यात. दोन्ही बाजू एकाच दिवशी करणं अटळ आहे का? करायच्याच असतील तर निदान एका बाजूला स्टेंट ठेवून बाहेर येणार का? आणि कल्चरचा रिपोर्ट हातात आला का? त्यांच्या किडन्या अडथळ्याने सुजल्या असतील तर बहुधा त्याच बैठकीत स्टेंट पडेल, आणि मग धोका बराच कमी होतो. त्यानंतर उलटी गंमत होऊ शकते: अडलेली लघवी सुटली की ती तासाला २०० मिलीच्या वर वाहू लागते. घरच्यांना बरं वाटतं, पण त्यातून मीठ आणि पोटॅशियम निघून जाऊन बीपी पडू शकतं. पहिले दोन दिवस हॉस्पिटलमध्येच काढावेत.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. सीटीआधी बंद करायची का? ती किडनी खराब करते ना?
— एक वाचक, वैशाली नगर

मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. प्रश्न उलटा आहे: डायनंतर किडनी मंदावलीच तर मेटफॉर्मिन अंगात साठतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. ईजीएफआर ६० च्या वर असेल आणि यकृत, दारू किंवा हार्टफेल्युअरचा प्रश्न नसेल, तर थांबवायचं कारण नाही. ३० ते ६० मध्ये सल्ले थोडे वेगवेगळे आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तपासणीच्या वेळी थांबवून ४८ तासांनी किडनी पाहून पुन्हा सुरू करा असं सांगितलं, आणि आम्हीही तेच सुचवतो. दोन दिवस साखर घरी मोजा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन मुळातच चालू नसावी.

तीन वर्षांच्या मुलाला एमसीयू सांगितली आहे. त्यातल्या डायने किडनीला काही होईल का?
— एक आई, तिलक नगर

एमसीयूत नळीने मूत्राशयात डाय भरून मूल लघवी करत असताना एक्स-रे काढतात. डाय मूत्राशयात जातो, रक्तात जवळजवळ जात नाही. त्याची काळजी नको. काळजी जंतूंची करा. तपासणीआधी लघवीचं कल्चर स्वच्छ हवं आणि डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक चुकवू नका. मूत्राशय किती भरायचा याचा ठोकताळा आहे: वयात दोन मिळवून तीसने गुणायचं, म्हणजे तुमच्या मुलासाठी १५० मिली. डाय उंच टांगलेल्या बाटलीतून आपल्या वजनाने उतरावा, सिरिंजने ढकलू नये.

नंतर जळजळ होते म्हणून मूल लघवी धरून ठेवतं. त्याला टबात कोमट पाण्यात बसवा आणि त्यातच करू द्या, रागावू नका. आठ तास लघवी झाली नाही, किंवा पुढच्या तीन दिवसांत ताप आला, तर थांबू नका. मुलाला पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह (मूत्रमार्गात जन्मतः असलेला, लघवी अडवणारा पडदा) असेल किंवा एकच किडनी काम करत असेल, तर हेच नियम दुप्पट कडकपणे पाळा.

क्रिएटिनिन जास्त आहे, म्हणून एमआरआय करा म्हणतात. त्याचा डाय चालतो का?
— एक वाचक, नारायण बाग

त्यात आयोडीन नसतं, गॅडोलिनियम असतं. ईजीएफआर ३० च्या खाली असताना जुन्या पद्धतीची काही गॅडोलिनियम संयुगं दिल्यामुळे त्वचा आणि सांधे दगडासारखे कडक होणारा आजार होतो, असं २००६ पासून लक्षात येऊ लागलं. नव्या, दुसऱ्या गटातल्या संयुगांत हा धोका अत्यंत कमी आहे. ‘गट दोन’चं आहे ना, हे विचारा. आणि लघवीची वाट फक्त फुगली आहे का एवढंच पाहायचं असेल, तर डायशिवायच्या एमआरआयवरही पुष्कळ दिसतं. किडनीचं काम मोजणाऱ्या डीटीपीए किंवा ईसी स्कॅनमधली किरणोत्सारी सुई किडनीला विषारी नाही.

सीटीआधी देतात त्या एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या घ्याव्या का? आणि १२ तारखेला अँजिओग्राफी आणि १३ ला सीटी यूरोग्राफी लागली आहे, चालेल?
— एक वाचक, पलासिया

गोळ्यांवर खर्च करू नका. २००० साली एका छोट्या अभ्यासाने त्यांची आशा लावली आणि जगभर त्या दिल्या जाऊ लागल्या. २०१८ मध्ये प्रिझर्व्ह नावाचा, अँजिओग्राफीच्या जवळपास ५,००० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात ना या गोळ्यांचा फायदा दिसला, ना सोडाबायकार्बच्या सलाइनचा. साधं सलाइन तेवढंच चांगलं निघालं. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर तपासणीच्या आधी एक तास आणि नंतर काही तास साधं सलाइन द्यावं, एवढंच आज ठामपणे सांगता येतं.

दोन तारखा मात्र बदला. पहिल्या डायनंतरचं क्रिएटिनिन ४८ ते ७२ तासांनी पाहून मगच दुसरा डाय द्यावा, म्हणजे सीटी १६ च्या पुढे. अँजिओग्राफीत रोहिणीतून नळी जाते, त्यामुळे तिथे कोलेस्टेरॉलचे कण सुटून किडनीत अडकण्याचा वेगळा धोकाही असतो. पायाची बोटं निळसर झाली किंवा क्रिएटिनिन आठवडाभर चढतच राहिलं, तर सीटी आणखी पुढे ढकला आणि तसं दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगा. पहिल्या तपासणीत किती मिली डाय गेला हा आकडा अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर लिहून मागा आणि सीटीच्या टेबलावर चढण्याआधी तो दाखवा.